आटपाडीतला समुद्र

माझे वडील तात्या नौदलातून पेन्शनीवर आले, ते नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आणि पिंपभर समुद्राचं पाणी घेऊन. बाहत्तरच्या दुष्काळात आटपाडीत प्यायला पाणी नव्हतं, आणि आमच्या सोप्यात काचेच्या पेटीत समुद्र! उन्हानं पाणी उडायचं, मीठ मागं राहायचं. खारटपणा वाढू नये म्हणून रोज वरून गोडं पाणी घालावं लागे. ते टँकरवरून आणायची आई.

"आवं, पोरं तहानल्यात," ती म्हणायची.

"पोरं मागून घेत्यात. ह्या मुक्या जिवांनी कुणाला सांगायचं?" म्हणत तात्या घागरीतला पहिला तांब्या पेटीत ओतायचे.

मासे मेले त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. आईनं मात्र भरला तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.