सासूबाईंचे कान आणि जावयाची गाळणी

त्यांना सगळं जग सिस्टर म्हणायचं. शेजारीपाजारी, भाजीवाला, इतकंच काय, खुद्द त्यांचे यजमानही हयातभर ‘सिस्टर, चहा’ असंच म्हणत गेले. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्याही तोंडून ‘नमस्कार सिस्टर’ निघालं, मग जीभ चावून त्याने ‘आई’ केलं.

जन्म गेला त्यांचा हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या वॉर्डात. आणि कान? काय सांगावं! खाटांच्या रांगेत कुठेतरी कुणीतरी खोकायचं, आणि हातातलं काम न सोडता सिस्टर म्हणायच्या, ‘हा घशाचा. हा छातीचा. आणि ह्या गुलामाला काही झालेलं नाही, त्याला आई हवीय.’ डॉक्टर तपासायचे, तर अगदी तेच. नवे डॉक्टर तोंडात बोट घालायचे, जुने नुसते हसायचे.

मग गुडघ्यांनी दगा दिला. हॉस्पिटल त्यांना सोडायला तयार नव्हतं, म्हणून घरी बसून फोन घ्यायचं काम दिलं. बाळ खोकतंय म्हणून घाबरलेली आई फोन करायची, सिस्टर म्हणायच्या, ‘फोन बाळाच्या तोंडाजवळ धर. आता तू गप्प बस.’ ऐकायच्या आणि सांगायच्या, घेऊन ये, नाहीतर घरीच थांब. एवढंच काम. पण त्या ‘घरीच थांब’ने किती आयांचा जीव भांड्यात पडायचा!

ही सगळी व्यवस्था जावयाची. तो त्याच हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात. सासूबाईंच्या टेबलावर त्याने स्क्रीन, एका कानाचा हेडफोन आणि जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र बसवलं. खरा कॉम्प्युटर हॉस्पिटलातच, इथे दिसायचं ते त्याचं नुसतं चित्र. व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात तो हाच. पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये, म्हणून हा खटाटोप. सुरुवातीला आवाजाचा मात्र पार बट्ट्याबोळ होता. बाळाचा आवाज आधी हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरकडे जायचा, तिथून त्या चित्राबरोबर चेंगरत सिस्टरांकडे यायचा, तुटक आणि उशिरा. तिकडची आई ‘हॅलो’ म्हणायची, त्याच वेळी सिस्टरही ‘हॅलो’ म्हणायच्या, मग दोघीही गप्प.

जावई इरेला पेटला. त्याने आवाजाचा रस्ताच बदलला. चित्र येऊ दे तिकडून, आवाज मात्र सरळ टेबलावरच्या यंत्रात. आणि वर त्या यंत्रात, हॉस्पिटलच्या बाकीच्या फोनांतही, आवाजाची एक गाळणी बसवली. माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं, बाकी पंखा, कुत्रं, कुकर, रस्ता, सगळं गाळून टाकायचं. काय आवाज झाला म्हणता! बिलाच्या खिडकीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

‘आई, आता कसा येतो आवाज?’

‘स्वच्छ,’ सिस्टर म्हणाल्या. ‘अगदी स्वच्छ.’

खोटं नव्हतं ते.

पण त्यानंतर सिस्टर बदलल्या. ज्याचा फोन येईल त्याला ‘घेऊन या’. नुसतं नाक वाहणारं पोरसुद्धा हॉस्पिटलात. बाहेरच्या बाकांवर ही रडारड, डॉक्टर वैतागले, आणि कुणीतरी म्हणालंच, सिस्टर थकल्या आता. रविवारी लेक-जावई जेवायला आले की एरवी त्या आठवड्याचे खोकले रंगवून सांगायच्या, लेक ‘आई, जेवू दे ना’ म्हणेपर्यंत. आता निमूट जेवून उठायला लागल्या. शेवटी लेकीजवळ त्यांचा बांध फुटला.

‘माझे कान गेले गं. बायका बाळाजवळ फोन धरतात आणि मला काही म्हणजे काहीच ऐकू येत नाही. एखादं पोर खरंच गुदमरत असलं तर? म्हणून सगळ्यांनाच पाठवते. पण असं किती दिवस चालायचं? मी कळवून टाकलंय, महिनाअखेर बंद.’

‘अगं, मग ह्यांना सांगायचंस ना!’

‘जावयाला? त्यांनी एवढं मन लावून केलंय, त्यात मी खोट काढू? यंत्र ठणठणीत आहे. बिघडलेय ती मी.’

आता बघा गंमत. सासूबाईंच्या कानांची कुणकुण जावयालाही बायकोकडून लागली होतीच. पण सासूला तोंडावर ‘तुम्हाला कमी ऐकू येतं’ कोण म्हणणार? तोही गप्प. दोघं एकमेकांचा मान राखत बसले, आणि तिकडे बाकांवर पोरं टाहो फोडत होती. डोकं फिरतं असल्या मानापानाने!

महिना सरत आला तेव्हा तो यंत्र न्यायला आला, रिकामा खोका बगलेत मारून. सर्दीने बेजार होता बिचारा. बायकोही बरोबर होती, आईला धीर द्यायला. ‘आई, काढायच्या आधी एकदा शेवटचं बघतो,’ म्हणत तो स्वयंपाकघरात गेला, दार लावलं आणि मोबाइलवरून सिस्टरांच्या त्या यंत्रावर फोन लावला. बोलायला तोंड उघडलं आणि आला खोकला. असा आला की डोळ्यांत पाणी.

‘सॉरी आई, कानठळ्या बसल्या असतील.’

‘कशाने?’

‘अहो, खोकलो ना मी.’

‘तो होय! तो दारातून ऐकला मी, ह्या उघड्या कानाने. हेडफोनमध्ये नाही आला काही.’

जावई थंडगार पडला. दारातून ऐकला? बंद दारातून? तो धावत बाहेर आला, हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि मोबाइल देऊन बायकोला आत पिटाळलं. ‘बोल काहीतरी. आणि मग खोक.’

‘काय बोलू? दोघांनी मिळून माझं डोकं उठवलंय नुसतं!’ शब्दन्‌शब्द लख्ख. मग ती खोकली. हेडफोनमध्ये शांतता. साधीसुधी नाही, धुऊनपुसून ठेवलेली शांतता. श्वास, शिंक, खोकला, हुंदका, जे जे बोलणं नाही ते ते सगळं गाळणीने कचरा म्हणून फेकलं होतं. आणि तान्ह्या बाळांना कुठून येणार बोलायला?

‘आई,’ तो हेडफोन काढत म्हणाला, ‘तुमचे कान नाही गेले. मीच बोळे घातले त्यांत.’

सिस्टरांनी हेडफोन त्याच्याकडून परत घेतला आणि कानाला लावला. 

त्याने गाळणी बंद केली, यंत्राला दुसरा हेडफोन जोडला आणि शेजारी स्टूल ओढून बसला. थोड्या वेळाने फोन आला. कुणी तरुण आई, रडवेली. ‘फोन बाळाच्या तोंडाजवळ धर. आता तू गप्प बस,’ सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

पंखा घरघरत होता. भांडं पडलं. रस्त्यावरून गाडी गेली. जावयाला आधी तेवढंच कळलं, आणि सवयीने त्याचा हात गाळणीच्या बटणाकडे गेलाही. सिस्टरांनी न बघता तो धरून ठेवला. आणि मग त्याला ऐकू आलं. त्या सगळ्या खडखडाटाच्या तळाशी एक इवलासा श्वास. आत, बाहेर. आत, किंचित अडखळून, बाहेर. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. आवाज इकडून तिकडे पोचवण्यात वर्षं घालवली होती त्याने, पण त्यातून कुणा अनोळखी लेकराचा श्वास असा आपल्या कानाशी येऊन बसतो, हे त्याच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. तो स्वतः श्वास घ्यायचा विसरला.

‘दूध पितंय नीट? श्वास घेताना फासळ्यांखाली खळगे पडतात का? बघ नीट, उघडून बघ.’

‘नाही पडत. पितोय नीट. आणू ना मी त्याला हॉस्पिटलात?’

सिस्टरांनी हेडफोन कानाशी घट्ट दाबला. 

‘नको गं बाळा. नाक चोंदलंय नुसतं. छाती मोकळी आहे त्याची, ऐकली मी. खळगे पडले किंवा दूध सोडलं, तर तशीच निघ. पण आज नको. आज घरीच थांब.’

फोन ठेवून त्या पदराने डोळे पुसत राहिल्या. ‘ऐकलंत, जावईबापू? कुठून कुठे आलं हो ते, आणि जसं काही माझ्या मांडीवर होतं! कसं करता तुम्ही लोक हे?’

‘मी?’ जावई म्हणाला.  इतक्यात पुन्हा फोन वाजला आणि नेमका त्याचा खोकलाही घशाशी आला. तोंडावर हात दाबून तो दार लोटून पळाला, जिना उतरून फाटकाबाहेर गेला आणि तिथे मनसोक्त खोकला.

वर आला तेव्हा बायको दारातच उभी, हसू दाबत.

‘आई म्हणतेय, खोकला सुटायला लागलाय तुमचा, घाबरू नका. घरीच थांबा.’

आत सिस्टर डोळे मिटून पुढचं बाळ ऐकत होत्या. जावयाने रिकामा खोका उचलला, आवाज होऊ न देता दुमडला आणि कपाटामागे सरकवून दिला.