अर्थिंगचा नट

देवळात मी जायचो तो चपला सांभाळायला. हे मी चारचौघांत हसून सांगायचो आणि त्यात मला मोठेपणाही वाटायचा. चौसाळ्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. सव्वीस वर्षं बॉनेटखाली डोकं घालून एवढंच शिकलो होतो की, गाडी चालू होत नसेल तर त्याला कारण असतं आणि ते कारण मला सापडतं. त्यात देवाचं काय काम? माझी बायको मात्र सोमवार चुकवत नसे. कपिलधारला जायचं, दर्शन घ्यायचं, धबधब्याचं पाणी तांब्यात भरायचं आणि निघताना त्यातलं थोडं आमच्या गाडीच्या बॉनेटवर शिंपडायचं. मी चिडवायचो, "अगं, गाडी हाय का म्हैस? पाणी कावून पाजतीस तिला?" ती म्हणायची, "तुमाला न्हाई कळायचं." आणि आम्ही घरी यायचो.

त्या सोमवारीही असंच निघालो होतो. दसरा होऊन तीन आठवडे झाले होते, तरी दुपारचं ऊन चटके देत होतं. देवळापासून थोडं पुढं आलो आणि बायको म्हणाली, "अहो, जरा थांबवा. कसंतरीच होतंय." लिंबाच्या सावलीत गाडी घेऊन इंजन बंद केलं. वळून पाहिलं तर ती घामानं ओलीचिंब झालेली, हात छातीवर, ओठ पांढरेफटक. डाव्या दंडापर्यंत कळ येते म्हणाली. तिला साखरेचा आजार आहे, वर्षापूर्वी डॉक्टरांनी हृदयाचं बजावलं होतं. बीडच्या दवाखान्यापर्यंत अर्धा तास. मी चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. पुन्हा तेवढाच आवाज. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि इंजन जागचं हलेना. फोनला रेंज येत-जात होती. एकदाचा अँब्युलन्सला लागला, तर पलीकडून सांगितलं की यायला तासभर तरी लागेल. एक मोटरसायकलवाला थांबला, पण तिला मागं बसवणार कसं? तो बिचारा पुढच्या वस्तीवर गाडी मिळते का बघतो म्हणून गेला. ढकलून चालू करावी, तर गाडी नेमकी खोलगटात उभी, दोन्हीकडं चढ. कधी नव्हे ते मला वाटलं, आपल्या हातात काहीच नाही.

तरी हात थांबले नाहीत. डिकीतून पाने काढले. बॅटरीची टोकं आवळली. टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या पत्र्याला लावला आणि पिन इंजन फिरवणाऱ्या स्टार्टरच्या जाड वायरवर टेकवली. दिवा झगझगीत लागला. म्हणजे स्टार्टरपर्यंत वीज पोचते आहे, स्टार्टरच मेला. पान्यानं त्याला चार तडाखे दिले, उपयोग शून्य. तो खोलायचा म्हणजे दीड तास, आणि दुसरा आणायचा कुठून? मागून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. माझं डोकं फिरलं. बॉनेटवर पाण्याचे ओघळ वाळलेले दिसले आणि मी ओरडलो, "घाल अजून पाणी! तुझ्या पाण्यानंच घात केला!"

तिनं फक्त डोळे मिटून घेतले. तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तेवढ्यात चढावरून मेंढरांचा कळप उतरला आणि मागून एक बाई आली. पन्नाशीची असेल, खांद्यावर घोंगडी, हातात विळा. माझ्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मागचं दार उघडून बायकोचं डोकं मांडीवर घेतलं, पदर ओला करून तोंड पुसलं आणि वारा घालत बसली. "घाबरू नका बाई, हाय मी," असं हळूहळू बोलत राहिली. मी वेड्यासारखा चावी फिरवतच होतो. टक्. टक्.

"दादा," ती म्हणाली, "आमच्या मळ्यातली मोटर बी असंच करती बगा. बल्ब लागतो, पन मोटर फिरत न्हाई. मग मालक अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पानी वततेत, की झाली चालू."

मी खेकसलो, "मावशी, ही कार हाय, मळ्यातली मोटर न्हाई!"

"आसंल बाबा. मला काय कळतंय," म्हणून ती परत वारा घालू लागली.

पण माझा हात चावीवरच थांबला. अर्थिंग! टेस्ट लॅम्पचा चिमटा मी पत्र्याला लावला होता. दिवे, हॉर्न सगळं पत्र्यावर चालतं, म्हणून सगळं ठीक दिसत होतं. इंजन मात्र रबराच्या गुटक्यांवर बसलेलं असतं. त्याची वीज बॅटरीकडं परत जायची वाट म्हणजे इंजन सांगाड्याला जोडणारी एकच विणलेली तांब्याची पट्टी. ती वाट तुटली की स्टार्टरला कितीही वीज द्या, तो हलणार नाही. हे मी दुसऱ्यांना शंभरदा सांगितलं असेल.

चिमटा पत्र्यावरून काढून इंजनच्या लोखंडाला लावला, पिन बॅटरीवर टेकवली. दिवा लालसर मिणमिणला. "मावशी, जरा पुढं येऊन चावी फिरवा." ती म्हणाली, "अगं बया! मला गाडी येत न्हाई." "गाडी नगं, निस्ती चावी फिरवा." तिनं फिरवली आणि दिवा विझला. सापडलं, इंजनची परतीची वाटच तुटली होती. पट्टी चाचपत खाली गेलो तर नटाखाली चंदेरी रंग चकाकत होता.

तो रंग माझाच होता. खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं धुतो, पाने, लोखंड धरायचा व्हाईस रंगवतो, मग हळदकुंकू वाहतो. यंदा डब्यात रंग उरला होता. हौसेनं माझ्याच गाडीची पट्टी खोलून इंजनखालचा सांगाडा रंगवला आणि पूजेच्या घाईत ओल्या रंगावरच पट्टी आवळून टाकली. रंगातून वीज जात नाही, हे कळायला का शाळा लागते? नटाच्या आट्यांतून जेमतेम वीज जात होती, त्यावर तीन आठवडे कसंबसं निभावलं आणि त्या दिवशीच्या खड्ड्यांनी तेवढाही आधार गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मावशीच्या विळ्यानं रंग खरवडला, लोखंड उघडं केलं, नट आवळला. "फिरवा!" इंजन एका दमात धडधडलं. मावशी एवढी दचकली की उडी मारूनच बाहेर आली. मग मलाच ओरडली, "आता बगत काय बसलाव? न्ह्या की त्यांना!"

वेळेत पोचलो. एक नस तुंबली होती, ती उघडली. तिसऱ्या दिवशी बायको नीट बोलू लागली आणि तिनं पहिलं काय विचारावं? "अहो, खरंच माझ्या पाण्यानं झालं का ओ?" तेवढ्या दुखण्यात ती तीन दिवस हे मनात घेऊन पडली होती. मला हुंदकाच फुटला. म्हटलं, "न्हाई गं. माझ्या रंगानं झालं, माझ्या घाईनं झालं." तिनं माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "मी डोळे मिटले तवा देवाला एवढंच म्हनले, ह्यांचा राग निवू दे, म्हंजे ह्यांना सापडंल. माझं मागायचं राहूनच गेलं बगा."

महिन्याभरानं आम्ही त्या मावशीला शोधून काढलं. बायकोला पाहून तिनं आधी कानशिलावर बोटं मोडली. ती एरवी डोंगराच्या पलीकडं चारते म्हणे. त्या दिवशी मेंढरं इकडं कशी वळली, तिलाही ठाऊक नव्हतं. मी जास्त विचारलं नाही. आता दुकानात गिऱ्हाईक बोलू लागलं की मी पाना खाली ठेवतो आणि ऐकतो, मग ते कितीही अडाणी बोलो. सगळं मलाच कळतं हा हट्ट सोडायला मला त्या लिंबाखाली उभं राहावं लागलं.

त्या दिवशी मावशीला भेटून आम्ही कपिलधारला गेलो. चपला बाहेर ठेवल्या आणि मीही आत गेलो. परत गाडीपाशी आल्यावर बायकोनं तांब्या पुढं केला, पण ती शिंपडेना. भीत होती बिचारी, माझ्या त्या ओरडण्याला. मी तांब्या घेतला, बॉनेटवर पाणी शिंपडलं आणि उरलेलं दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ओतलं.