गुरुदत्तची जोडी

आखातातल्या सीब शहरातल्या आमच्या सुतारखान्यात गुरुदत्तच्या हातचं काम तेवीस वर्षांत एकदाही परत आलं नव्हतं, आणि हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा. मी, बदरुद्दीन, तिथेच रंग-पॉलिश करतो. म्हणजे ऐकणं माझ्याच नशिबी.

माणूस सावंतवाडीचा, लाकडी खेळण्यांच्या घराण्यातला. तिथे पोपटांची जोडी करायची तर पुठ्ठ्याचा फर्मा एकच. एकदा सरळ ठेवायचा, एकदा उलटा, की झाली जोडी.

मार्चमध्ये एक अमेरिकन बाई आल्या. नवरा गेल्या वर्षी वारला, आता त्या शुक्रवारच्या विमानाने कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. तिकडच्या डोंगरातल्या पाइनच्या जंगलात विल्यमसनचा सुतारपक्षी असतो, झाडाला भोकं पाडून रस पितो. तो बघता बघताच दोघांची ओळख झाली होती. त्याची जोडी त्यांना नवऱ्याच्या कबरीवर ठेवायची होती. त्यांनी दोन फोटो दिले. एकात काळा पक्षी, पिवळं पोट, गळ्यावर लाल ठिपका. दुसऱ्यात तपकिरी, अंगभर पट्टे.

"ह्यो दुसरोच पक्षी. चुकान इलो," म्हणत गुरुदत्तने दुसरा फोटो केरात टाकला. मीही मान डोलावली.

बुधवारी बाईंनी खोका उघडला. दोन काळे पक्षी, एकमेकांकडे तोंड केलेले. मला तर अभिमान वाटत होता. बाई बघतच राहिल्या.

"दोन्ही तोच आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी कुठे आहे?"

तपकिरी ती मादी होती. गुरुदत्तचा चेहरा पांढराफटक. शेवटी बाईच त्याची समजूत घालू लागल्या, की पूर्वी पक्षीतज्ज्ञांनीही वीसेक वर्षं ह्या नर-मादीला दोन वेगळ्या जाती मानलं होतं. मी ते त्याला मराठीत सांगितलं.

"त्यांनी निदान बायलेक केरात तरी टाकूक नाय," तो म्हणाला.

बाईंनी फोटो फोनवर पुन्हा पाठवला. गुरुवारी जेवण सोडून, फर्म्याला हात न लावता, त्याने मादी कोरली. पट्टे मी रंगवले. संध्याकाळी बाई एक काळा आणि ती तपकिरी घेऊन गेल्या. तिच्या पाठीवरून त्यांनी नुसतं बोट फिरवलं.

उरलेला काळा पक्षी समोर ठेवून गुरुदत्त बसून राहिला.

"बदरूभाय, लग्नात मी माझ्या बायलेक, प्रेमाक, पोपटांची जोडी करून दिलंय. तिणा इचारल्यान, ह्यातली मी खंयची?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलंय, खंयचीय एक. दोनय सारखेच."