पहिल्या रांगेतलं हसू

सनी ब्रॅडफर्ड ऑफिसात शिरला की त्याच्या आधी त्याच्या तेलाचा वास शिरायचा, आणि इर्मा झाल्किन उठून खिडकी उघडायची. केसांना लावायचं ते तेल तो दर रविवारी संध्याकाळी आठ वाजता रेडिओवरच्या आपल्या विनोदी कार्यक्रमातून सगळ्या अमेरिकेला विकायचा. कंपनी बाटल्या फुकट पाठवायची, म्हणून स्वतःही थापायचा. त्याचं खरं नाव सिम्खा ब्रॉड्स्की. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या ज्या ज्यू गल्लीत इर्मा वाढली, तिथून दोन गल्ल्या पलीकडचा तो. पण आता ते नाव कुणी घेतलं की तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

इर्मा त्याची मॅनेजर होती आणि त्याची जाहिरातही तीच करायची. म्हणजे काय करायची? दुपारी त्याला अंथरुणातून ओढून काढायचं, कडू कॉफी पाजायची, ज्या बायांना त्यानं लग्नाची वचनं दिली त्यांच्या हातापाया पडायचं. शिवाय रोज सकाळी वर्तमानपत्रांच्या गप्पांच्या सदरांत एक विनोद पेरायचा, ‘काल सनी ब्रॅडफर्ड वेटरला म्हणाला’ असा. सनी वेटरला शिव्यांखेरीज काही म्हणत नसे. विनोद इर्माचाच असायचा. तोही सदरवाले फुकट छापत नसत, एका विनोदामागे त्यांना दुसऱ्यांच्या घरातली घाण आणून द्यावी लागायची. कुणाची बायको पळाली, कोणती गायिका कुठल्या दवाखान्यात गुपचूप जाऊन आली, असलं काही. इर्मा ते फोनवर गोळा करायची, फोनवरच पोचतं करायची आणि मग साबणानं हात धुऊन यायची. या धंद्याची तिला किळस होती आणि या धंद्यात तिच्याइतकं तरबेज दुसरं कुणी नव्हतं.

तिचे वडील नुसन झाल्किन कोटांच्या कारखान्यात इस्त्री मारायचे. माणूस साधा, पण हसणं असं की रस्त्यावरची माणसं थांबावीत. आधी किटलीसारखी बारीक शीळ, मग छातीतून धबधबा, आणि ते ऐकून शेजारचा हसणार, मग त्याच्या शेजारचा. इर्मानं एकदा आईवडिलांना स्टुडिओची तिकिटं दिली. कार्यक्रम संपल्यावर सनी घाम पुसत तिच्याकडे आला.

“तो थेरडा कोण?”

“माझे वडील.”

“दर रविवारी आण. पहिल्या रांगेत बसव. माईकच्या खाली.”

तेव्हापासून सनीच्या शिळ्यापाक्या विनोदांना नुसन झाल्किन नावाचा टेकू मिळाला. इर्मानं त्यावरही बातम्या पिकवल्या. फोटो छापून आणला, खाली ओळ घातली, ‘ताप असो, वादळ असो, झाल्किन रविवार चुकवत नाहीत.’ गल्लीतले लोक रेडिओला कान लावून बसायचे आणि हसू आलं की एकमेकांना म्हणायचे, “हा आपला नुसन!” खाटीक त्यांना चांगला तुकडा काढून द्यायचा. म्हातारा खूश होता, आणि त्याला कोपरानं ढोसत “हळू, लोक बघतात” म्हणणारी त्याची बायको गिटल त्याहून खूश होती.

गिटल गुरुवारी गेली. शुक्रवारी दुपारी, सूर्यास्ताला शब्बाथचा पवित्र दिवस लागायच्या आत, तिला पुरलं. घरी सुतकाचे सात दिवस सुरू झाले. सुतकात आरशात बघायचं नसतं म्हणून आरशांवर चादरी पडल्या, नुसन रीतीप्रमाणे फाडलेल्या कॉलरनं, नुसत्या मोज्यांवर बुटक्या स्टुलावर बसला. सात दिवस त्यानं उंबरा ओलांडायचा नव्हता. गल्लीतले पुरुष सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला घरी येऊ लागले. दहा पुरुष जमले तरच कादिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येतं, नऊ असून भागत नाही. गिटलला मुलगा नव्हता. तिच्यासाठी कादिश म्हणणारा नुसन एकटाच होता, आणि दिवसभरात तेवढ्याच वेळेला त्याच्या तोंडून शब्द फुटत होता.

रविवारी सकाळी सनी आला. हातात फळांची टोपली, मागे फोटोग्राफर. नुसनच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं दुःखी चेहऱ्याचे दोन फोटो काढवून घेतले. सुतकातल्या माणसांसाठी शेजारणीनं उकडून ठेवलेली अंडी उभ्याउभ्या गिळली. मग दाराजवळच्या आरशावरची चादर एका बोटानं वर करून भांग नीट केला. इर्मानं ते पाहिलं. ती त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

“इर्मा, माझी राणी, दोन तासांचा प्रश्न आहे. टॅक्सीनं नेतो, टॅक्सीनं आणून सोडतो.”

“कुणाला?”

“म्हाताऱ्याला, आणखी कुणाला! तेलवाला मालक शिकागोहून आलाय. आज समोर बसणार. कार्यक्रम पुढं चालवायचा की गुंडाळायचा, आज ठरणार.”

“परवा माझ्या आईला मातीत ठेवलंय आम्ही.”

“मग ती आज उठून येणार आहे का? उलट म्हाताऱ्याचं मन रमेल. बघ कसा बसलाय, मेंढरासारखा.”

“हळू बोल.”

“तू विचारत नाहीस तर मी विचारतो. सगळ्यांसमोर विचारतो.”

तो निघालाच बाहेर. बाहेरच्या खोलीत गल्लीतले वडीलधारे बसले होते. त्यांच्यासमोर हा आपल्या बापाला हसायला चल म्हणणार, हे इर्माला दिसलं आणि तिनं त्याची बाही धरली. काही तरी तुकडा फेकून कुत्र्याला घालवायचं, हे तिच्या हाताला वळणच पडलेलं होतं.

“थांब,” ती म्हणाली. “प्रत्येक कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या रेडिओ कंपनी ठेवते ना? त्यांतलं वडिलांचं हसू लाव. कुणाला कळणार नाही. आणि आता चालता हो.”

सनी टोपलीतलं एक सफरचंद उचलून गेला. बापाला वाचवलं म्हणून इर्मा त्या दिवशी पहिल्यांदा जरा निवांत बसली.

संध्याकाळची प्रार्थना अंधार पडताच उरकली, बाहेर गारठवणारा पाऊस सुरू झाला म्हणून माणसं लवकर पांगली. घरात बापलेक दोघंच उरले. आठ वाजता भिंतीपलीकडून रेडिओचा आवाज आला. निवेदक ओरडला, “न्यूयॉर्कहून, या क्षणी, थेट तुमच्या घरात!” मग सनीचा आवाज.

“माझी बायको गेली तेव्हा आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नाही! रोज रात्री नाचायला जायचं म्हटल्यावर झोपणार कधी?”

आणि लगेच ती किटलीची शीळ, तो धबधबा.

नुसननं मान वर केली.

“हा मी आहे,” तो म्हणाला.

इर्मानं त्याला सगळं सांगितलं. पलीकडे तो पुन्हा हसला. पुन्हा. सनीच्या माणसांनी हात आखडता घेतला नव्हता.

“कुठल्या रविवारचं हे?”

“माहीत नाही, ताते.”

“तिनं मला कोपर मारलं असेल त्यानंतर.” तो स्टुलावरच भिंतीकडे वळला. “मला विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

सोमवारी सकाळी प्रार्थनेला चार माणसं आली. चौघंही बहिरट म्हातारे, ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता. नुसन उभा राहिला, दाराकडे बघत राहिला. इर्मानं कोट चढवला आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली. प्रार्थनाघराची व्यवस्था बघणारा फाइव्हल गुर्विच रोज तिथे चहा पीत बसायचा. आजही होता, आणखी चार-पाच जण होते. ती आत येताच त्यानं पेला खाली ठेवला.

“वडील वाट बघतायत,” ती म्हणाली. “माणसं कमी पडतायत.”

“का? काल तर तिकडं हॉल भरलेला होता,” गुर्विच म्हणाला.

“ते घरीच होते! ती तबकडी होती. जुनं हसू होतं.”

“थेट म्हणाला तो, पोरी. आम्ही काय कान विकून आलोय? बायकोची माती सुकली नाही, आणि बायको मेल्याच्या विनोदावर खिदळतो!”

“शपथ घेते, काका. मी स्वतः घरी त्यांच्याजवळ होते.”

“तू सनी ब्रॅडफर्डच्या पगारावर आहेस ना?” बेकरीवाला पोमेरांट्झ म्हणाला आणि त्यानं सकाळचं वर्तमानपत्र तिच्यापुढे सरकवलं. “मग हे कुणाचं?”

गप्पांच्या सदरात पहिलीच नोंद होती. ‘शुक्रवारी पत्नीला मूठमाती दिली, रविवारी पहिल्या रांगेत! आपले झाल्किन रविवार चुकवत नाहीत. शाबास, म्हातारबा!’ दहा वर्षांत सनीनं स्वतः पेरलेली ही पहिली बातमी, आणि शब्द इर्माचेच होते. फोन केला तर तो काय म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. तेलवाल्यानं करार केला असणार, आणि हसू तबकडीवरचं होतं असं सनी मेला तरी कबूल करणार नव्हता. सदरवाल्याला गाठावं, तर तो विचारणार, बदल्यात काय देतेस?

ती तिथेच उभी राहून सांगत राहिली. आवाज चढवला, रडली. ते ऐकत होते, पण चांगलं चाललेलं नाटक बघावं तसे. तिच्या मागून फक्त दोघं उठले, तेही गिटलच्या आठवणीनं. नुसन धरून सात झाले. घरी सगळे तासभर थांबले. मग एकाला कामावर जायचं होतं, तो टोपी सावरत निघाला, आणि बाकीचेही पाय न वाजवता जिना उतरले. कादिश झालं नाही.

नुसननं टेबलावरचं वर्तमानपत्र पाहिलं होतं. येताना तिनं ते का उचलून आणलं, तिचं तिलाच कळत नव्हतं.

“इर्मे, मी घरी होतो म्हणून सांगितलंस त्यांना?”

“सांगितलं, ताते.”

“मग?”

“विश्वास नाही बसला कुणाचा.”

त्यानं तिच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर तिला सोपं गेलं असतं.

“तू सांगितलंस म्हणून?” त्यानं विचारलं.

“हो,” इर्मा म्हणाली.

म्हातारा पुन्हा स्टुलावर बसला. संध्याकाळच्या प्रार्थनेला अजून बराच अवकाश होता, तरी त्यानं तिला दार उघडंच ठेवायला सांगितलं.