दुपारची शिंदी

"दारू पिता का?" असं आता मी कुणाही पेशंटला विचारत नाही. सकाळपासून काय काय प्यायलात ते सांगा, असं विचारते. पाणी, चहा, ताक, जे असेल ते. लोक वैतागतात. बीपी बघायला आलोय बाई, पंचनाम्याला नाही, असं तोंडावर म्हणतात. म्हणू देत. मीही काही कमी खमकी नाही, उत्तर मिळाल्याशिवाय दंडाचा पट्टा सोडत नाही.

उदगीरच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी सिस्टर आहे. मागं आमच्याकडं नव्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी फर्मानच काढलं, की येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला बीपी-शुगरसोबत दारूचंही विचारायचं. गाडी चालवणारा असेल तर आधी विचारायचं. माणूस रस्त्यावर मोडून आपल्याकडं येण्याआधी त्याला गाठू या, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं सोळा आणे खरं, पण विचारायचं कसं? आमच्याकडं ओपीडीत पेशंट एकटा येतो कुठं? सोबत बायको, सासरा, भावकीतला एखादा असतोच. त्यांच्यासमोर गडी हो म्हणणार आहे का? तोंडाला भपकारा येत असतानाही "न्हाई" म्हणायचे, आणि बायको भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत बसायची. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय. मग मी नातेवाइकांना बाहेर बसवायला लागले.

त्या दिवशी दुपारी शाळेच्या जीपचे ड्रायव्हर मामा आले. आमच्या गल्लीतली सगळी पोरं त्यांच्याच जीपनं शाळेत जायची, माझी दुसरीतली पोरगीही. मामा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. पोर घरात गेलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत. म्हणून तर मी बिनघोर होते. मूतखड्यानं कंबर धरली होती बिचाऱ्यांची. मी दारूचं विचारलं तर त्यांना रागच आला. आमच्या घरात बापापासून कुणी थेंबाला शिवलेलं नाही, म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. अख्खा गाव सांगेल.

मॅडमनी औषध लिहिता लिहिता विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? मामा म्हणाले, पाणी कमीच, पण शिंदी असती की. खड्याला तिच्यासारखा इलाज न्हाई. पहाटेच झाडाखालून कॅन भरून आणायचे, जीपमध्ये सीटमागं ठेवायचे आणि तहान लागेल तसा घोट घोट घ्यायचे.

मी घड्याळाकडं बघितलं. शाळा सुटायला थोडाच वेळ होता.

आमच्या भागात शिंदीला कुणी दारू म्हणत नाही. तो झाडाचा रस, थंड, अंगातली उष्णता काढणारा. पहाटे खरंच गोड असतो. पण ऊन चढलं की कॅनमध्ये फसफसायला लागतो, आणि दुपारपर्यंत त्याची चांगली दारू झालेली असते. म्हणजे सकाळी पोरांना नेणारा माणूस वेगळा आणि दुपारी आणणारा वेगळा. आणि हे मामांना स्वतःला ठाऊक नव्हतं! त्यांचे डोळे लाल होते, ते मी दुखण्यानं झालेत असं धरून चालले होते.

मी मॅडमना सांगितलं. त्या पटकन सावध झाल्या. आज गाडीला हात लावायचा नाही, घरून कुणाला तरी बोलवून घ्या, असं त्यांनी मामांना बजावलं. मामा हो हो म्हणाले, पण शिंदीनं कुणाला चढत असती का, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ते औषधाच्या खिडकीकडं गेले. मी शाळेला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बाहेर येऊन बघते तर खिडकीपाशी मामा नाहीत, आणि लिंबाखाली लावलेली त्यांची जीपही नाही. शाळा सुटायची वेळ झालेली.

शप्पथ सांगते, तशी मी आयुष्यात भ्याले नाही. अपघाताचे पेशंट रोज बघणारी बाई मी, टाके घालताना हात हलत नाही माझा. पण त्या दिवशी जीपमागं जायला सोबतच्या सिस्टरची स्कूटी घेतली, तर तिला किल्ली लागेना. शाळेचा रस्ता तलावाच्या कडेनं जातो, समोरून उसाच्या ट्रॉल्या, आणि पुलाचा कठडा कधीचा पडलेला. बघितलेले सगळे पेशंट एकेक करून डोळ्यांपुढं यायला लागले, आणि सगळ्यांच्या अंगावर शाळेचा ड्रेस. मी देवाचं नाव घेत होते, मधेच शिव्या देत होते, मामांना, शिंदीला, न उचलणाऱ्या त्या फोनला. वळणावर धूळ दिसली, गलका ऐकू आला, तशी मी स्कूटी आणखी दामटली. जवळ गेले तर शेरडं रस्ता ओलांडत होती.

त्यापुढं जीप समोरून येताना दिसली. पोरांनी भरलेली. सरळ रस्ता, लख्ख ऊन. मी स्कूटी कडेला टाकली आणि दोन्ही हात वर करून मधोमध उभी राहिले. अंगावर पांढरा ॲप्रन होता. जीप काही हळू होईना. हॉर्न नाही, काही नाही. पुढच्या सीटवर माझी पोरगी दिसली. तिनं मला ओळखलं, काहीतरी ओरडली आणि मामांचा दंड धरून हलवायला लागली. मग ब्रेक लागला. बोनेटची धग माझ्या पोटाला लागली, इतक्या जवळ जीप थांबली.

"मम्मी, तू मधात का उभारलीस?" पोरगी रडत रडत मलाच रागावत होती. मी तिला खाली ओढून घेतलं. मागच्या पोरांना खाली उतरवून बांधावर बसवलं. जिभेवर सगळ्या शिव्या तयार होत्या.

मामा उतरले. दार धरूनच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बांधावरच्या पोरांकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई," ते म्हणाले, "पोरीनं दंड धरला म्हणून ब्रेक दाबला. मला तर रस्ता रिकामाच दिसत हुता."