वाळलेलं तोरण

माझा थोरला भाऊ ब्रह्मदेशच्या लढाईवरून चोपड्याला घरी आला, तो दसऱ्याच्या तोंडावर. दारावरचं आंब्याचं तोरण आमच्याकडे पुढच्या सणापर्यंत तसंच राहायचं. यानं ते दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी ओरबाडून काढलं. मी भडकले. शत्रूशी लढून आलेला माणूस दारच्या पानांवर कसला हात टाकतो!

तो आईला एवढंच म्हणाला, "सुकेल पाला वरथीन दिसस, माय."

मागाहून कळलं, तिकडे हा आणि याचे सोबती तोफ हिरव्या फांद्यांखाली लपवत आणि फांद्या रोज बदलत. एकदा बदलायच्या राहिल्या. वाळलेला पाला शत्रूच्या विमानातून दिसला. त्या तोफेवरचा एकटा हाच वाचला.

आई त्या दिवसापासून रोज सकाळी ताजं तोरण बांधू लागली. होळीपर्यंत विहिरीवरचा आंबा एका बाजूनं पार बोडका झाला होता.