पेन ड्राइव्हमधलं लग्न

मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात मोबाइलपेक्षा किस्सेच जास्त साठतात. दुरुस्त झालेला मोबाइल गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्सा मात्र काउंटरवर सोडून जातं! परभणीत आमचं दुकान आहे. अर्ध्या काउंटरवर मी दुरुस्ती करतो, अर्ध्यावर सलीमभाई कव्हर, चार्जर आणि केबल विकतो. दाराशी रंगाच्या रिकाम्या डब्यात एक तुळस आहे. लावली मी, पण पाणी सलीमभाई घालतो, कारण दुकान तो आधी उघडतो. चुकून मीही घातलं की ओरडतो, "सडाता क्या उसको?"

माझा स्वभाव जरा हट्टी आहे. गिऱ्हाइकाला "होत नाही" म्हणायला माझी जीभ उचलत नाही. सलीमभाईच्या मते हा धंदा नव्हे, आजार आहे.

हल्ली सगळ्यात जास्त तक्रार एकच. "फोन पेन ड्राइव्ह घेईना!" लग्नाचं शूटिंग, कीर्तन, शाळेचं गॅदरिंग, सगळं आता पेन ड्राइव्हमध्ये मिळतं. घरी कॉम्प्युटर नसतो, मग लोक तो मोबाइललाच जोडायला बघतात. त्यासाठी मध्ये ओटीजी नावाचं बोटाच्या पेराएवढं जोडणं लागतं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

येलदरीहून एक रिटायर क्लार्क आले. म्हणाले, "सकाळपासून प्रयत्न करायलोय, फोन पेन ड्राइव्हला ओळखायलाच तयार न्हाई."

मी विचारलं, "कसा जोडला?"

"जोडायचा कशाला? ब्लूटूथ चालू केलं अन् शेजारी ठेवला की! यापेक्षा जवळ कुठं ठेवू?"

*

पण ज्या पेन ड्राइव्हनं मला खरं घुमवलं, तो पेडगावच्या कौसामावशींचा.

बाजाराच्या दिवशी मावशी आल्या. काउंटरवर मोबाइल ठेवला आणि कनवटीला खोचलेली रुमालाची पुरचुंडी काढली. पुरचुंडीत पेन ड्राइव्ह, त्याला ओटीजी लावलेलं.

"बाबा, यात मह्या पोरीचं लगीन हाय. मोबाइलात दिसंना."

मी म्हटलं, "दिसेल की. घाई आहे का?"

"लगीन होऊन वरीस होत आलं. सगळ्या गावानं बघितलं, मी न्हाई बघितलं."

मला कळेना. सख्ख्या आईनं लग्न कसं नाही बघितलं? मावशींनीच सांगितलं. त्यांच्या घरी रीत आहे. मंगलाष्टकं सुरू झाली की नवरीच्या आईनं मांडवात थांबायचं नाही. उठायचं, तुळशीला पाणी घालायचं, आणि लग्न लागल्यावरच परत यायचं.

"मांडवात मंगलाष्टकं चालू, अन् मी परसात तांब्या घेऊन हुबी. वाजंत्री ऐकू आली तवा कळलं, लेक परक्याची झाली म्हणून. पोरीनं हार घालताना मान वर केली का खाली, तेवढं मला बघायचंय."

सलीमभाई चार्जरचा खोका उचलता उचलता थांबला. मी तिथंच शब्द दिला, "मावशी, तुमच्या याच फोनवर लग्न दाखवीन. नाही दाखवलं तर दुकानावरची पाटी उतरवीन."

मोबाइल आधी तपासला. खालच्या सॉकेटात, जिथं चार्जरची पिन जाते, तिथं सुई घातली आणि कापूस निघाला. थोडाथोडका नाही, वातीपुरता! मावशी वेचणीला जाताना मोबाइल वेचणीच्या ओटीतच टाकायच्या.

सलीमभाई म्हणाला, "मावशी, सरकी बी निघते का बघू?"

सॉकेट साफ केलं. सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी चालू केलं. पेन ड्राइव्ह लावला. काहीच नाही. तेवढ्यात लाइट गेली आणि माझा कॉम्प्युटर बंद पडला. मावशींची पेडगावची जीप निघायच्या बेतात होती. मी म्हटलं, "पेन ड्राइव्ह ठेवून जा, उद्या बघतो."

त्यांनी पुरचुंडी परत कनवटीला खोचली. "न्हाई बाबा. ह्ये हातातून सोडायचं न्हाई. फुडल्या बाजारला येते."

*

पुढच्या बाजारी मावशी आल्या तेव्हा काउंटरशी आधीच एक गुरुजी उभे होते. रिटायर माणूस, कीर्तनाचा शौकीन. त्यांची तक्रार अशी की पेन ड्राइव्ह माझ्या दुकानात चालतो आणि घरी गेलं की चालत नाही. याआधीही ते येऊन गेले होते. दरवेळी मी लावून दाखवायचो, कीर्तन खणखणीत वाजायचं, गुरुजी खूश होऊन जायचे आणि परत यायचे.

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "गुरुजी, घरी नेमकं काय करता? पहिल्यापासून सांगा."

"काही न्हाई. तुमी दाखवल्यासारखं ओटीजी चालू करतो. मग अंघोळ, मग पूजा, मग शांतपणे पेन ड्राइव्ह लावतो."

आता कळलं! काही मोबाइलमध्ये ओटीजी चालू केलं आणि थोडा वेळ वापरलं नाही, की ते बॅटरी वाचवायला आपोआप बंद होतं. गुरुजींची पूजा तर चांगली तासाभराची.

मी म्हटलं, "गुरुजी, आधी अंघोळ, मग पूजा, आणि अगदी शेवटी ओटीजी."

गुरुजींनी मान डोलावली. "म्हणजे याचंही सोवळं आहे म्हणायचं!"

बाकावरून मावशी म्हणाल्या, "चांगलं हाय की. मशीनला तरी कळायलंय."

*

मावशी पेन ड्राइव्ह का सोडत नव्हत्या, ते त्या दिवशी समजलं. मी सहज विचारलं, "मावशी, दुसरी कॉपी असेल ना? फोटोवाल्याकडं?"

फोटोवाला धंदा गुंडाळून पुण्याला गेलेला. फोन लावला तर नंबर बंद.

"बरं, पोरीच्या सासरी?"

मावशींनी कपाळाला हात लावला. "त्यायला बी एक दिलता. जावयानं ट्रॅक्टरच्या टेपला लावला. टेप म्हन्ला, यात गाणे न्हाईत. मग यायनं सगळं पुसून त्यात गाणे भरले!"

"लग्नाचं शूटिंग पुसलं?"

"मी इचारलं, जावईबापू, असं कामून केलं? तर म्हणते, मामी, लगीन तर मह्या ध्यानात हाय, गाणे ध्यानात ऱ्हात न्हाईत."

सलीमभाई हसून हसून खाली बसला. मी मात्र हसू शकलो नाही. म्हणजे जगात या लग्नाची एकच कॉपी उरली होती, आणि ती मावशींच्या कनवटीला होती.

*

मध्येच पोखर्णीच्या सोपानचा किस्सा सांगितला पाहिजे, कारण त्याच्याशिवाय पुढचं जमलं नसतं.

सोपानचा साउंडचा धंदा. मागच्या दसऱ्याला सकाळी सकाळी घामाघूम होऊन आला. संध्याकाळी देवीची मिरवणूक, आणि त्याचा मोबाइल पेन ड्राइव्ह घेईना! सगळी गाणी त्यातच.

"दत्ताभाऊ, परवा रातच्याला चालू व्हता. मधी फकस्त खंडेनवमीची पूजा केली."

खंडेनवमीला आपल्याकडं ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. शेतकरी नांगर पुजतो, मी स्क्रू ड्रायव्हर पुजतो. सोपाननं अँप्लिफायर, मिक्सर, मोबाइल आणि पेन ड्राइव्ह ओळीनं मांडले होते. मी भिंग लावून पेन ड्राइव्हच्या तोंडात बघितलं. आत पितळी पट्ट्या दिसायला पाहिजेत, तिथं सगळं लालभडक!

"सोपान, यात कुंकू कुणी भरलं?"

"आईनं. म्हन्ली, वरून लावून काय उपेग? काम तर तोंडानंच करतंय."

ब्रशनं कुंकू काढलं. मग मोबाइलच्या सॉकेटात काहीतरी पांढरं चमकलं. चिमट्यानं ओढलं तर साखरेचा दाणा!

"अरे, कुंकवाचं समजलं. साखर कशाला?"

सोपान माझ्याकडं असा बघायला लागला की चूक माझीच. "निवद नको का?"

*

तर मावशींकडं परत. त्या दुसऱ्या बाजारी लाइट होती. मी हट्टालाच पेटलो. एक एक गोष्ट बदलून बघायची, असा आमच्या कामाचा नियमच आहे. माझं ओटीजी आणि माझा पेन ड्राइव्ह मावशींच्या मोबाइलला लावला. चालला. म्हणजे मोबाइल चांगला. त्याच ओटीजीला मावशींचा पेन ड्राइव्ह लावला. बंद. कॉम्प्युटरला लावला. तिथंही शांत. दिवासुद्धा लागेना.

सलीमभाईनं मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाला, "दत्ता, ड्राइव्ह मर गया. बोल दे मावशी को. झूटी आस नक्को लगा."

मावशींना ऐकू गेलं असावं. त्या रुमालाची घडी घालायला लागल्या. मला त्या रुमालाकडं बघवेना. खरं सांगतो, पाटी उतरवायची वेळ आली असं मलाही वाटलं. पण मरण्याआधी वस्तू काहीतरी कारण देते, आणि कारण सापडल्याशिवाय मी कुणाला मेलेलं मानत नाही.

पेन ड्राइव्ह परत देण्यासाठी उचलला आणि माझ्या नखाला लाल रंग लागलेला दिसला. हा रंग माझ्या ओळखीचा होता!

"मावशी, घरी हा कुठं ठेवता?"

"देव्हाऱ्यात. कुकवाच्या करंड्यात. लगीन हाय ना यात? उघडंबोडकं कसं ठेवावं? दर शुक्रवारी हळद-कुकू वाहते."

"टोपण काढून?"

"मंग? टोपणाला वाहू का?"

मी भिंग घेतलं. सोपानच्या पेन ड्राइव्हवर एका दिवसाची पूजा होती, इथं वर्षभराचे शुक्रवार थरावर थर बसले होते. तेलकट हात, त्यावर हळद, त्यावर कुंकू. ब्रश आणि साफ करायचं स्पिरिट घेऊन बसलो. मावशी म्हणाल्या, "हळू पूस बाबा." मी हळूच पुसलं. स्पिरिटची वाटी रंगपंचमीसारखी झाली.

फुंकर मारली, वाळू दिलं, मोबाइलला लावलं. पेन ड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकला! स्क्रीनवर अक्षरं आली. मावशी आनंदानं पुढं झुकल्या, "काय म्हणायलंय?" आणि खाली दिसणाऱ्या बटणाकडं त्यांचं बोट निघालं.

"नक्को!" सलीमभाई एवढ्यानं ओरडला की रस्त्यावरचा माणूस थांबला.

ते बटण होतं फॉरमॅटचं. फोटोवाल्यानं पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या पद्धतीनं भरला होता. ती पद्धत या मोबाइलला वाचता येत नव्हती, म्हणून मोबाइल म्हणत होता, पुसून नवा करू का? जावईबापूंसारखंच.

मी पेन ड्राइव्ह अलगद काढला आणि कॉम्प्युटरला लावला. उघडला! आत शूटिंग शाबूत. मी म्हटलं, "मावशी, इथं मोठ्या स्क्रीनवर लावू का?"

"न्हाई. तुमी शब्द दिलाय. मह्या मोबाइलात."

दिलाच होता. मग सगळं आधी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं. सलीमभाईनं त्याच्या काउंटरवरचा कोऱ्या पेन ड्राइव्हचं पाकीट फोडलं, म्हणाला, "मेरी तरफ से आहेर." तो मी मोबाइलला समजेल अशा पद्धतीनं तयार करून त्यात लग्न भरलं. पेडगावची जीप हॉर्न वाजवून गेली. मावशींनी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

*

लग्न सुरू झालं. मोबाइल काउंटरवर खोक्याला टेकवून ठेवला. मावशी बाकावर, डावी-उजवीकडं मी आणि सलीमभाई. हळद झाली. मावशी प्रत्येक माणूस ओळखून सांगत होत्या, ही नणंद, हा चुलता, हा न सांगता जेवायला आलेला. नवरी मांडवात आली तशा मावशी पुढं सरकल्या. तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

अंतरपाट धरला. भटजींनी गळा साफ केला आणि पहिलं मंगलाष्टक सुरू झालं.

मावशी उठल्या.

मला वाटलं, डोळे पुसायला. त्यांनी काउंटरवरची सलीमभाईची पाण्याची बाटली उचलली, दाराबाहेर गेल्या आणि आमच्याकडं पाठ करून डब्यातल्या तुळशीशी उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर घेतला आणि बारीक धारेनं पाणी घालायला लागल्या. सलीमभाईनं सकाळीच घातलेलं होतं. पण आज तो ओरडला नाही.

मोबाइलमधून "शुभमंगल सावधान" येत राहिलं, बाहेर धार चालू राहिली. शेवटी टाळ्या पडल्या, बँड वाजला.

मावशी आत आल्या. रिकामी बाटली काउंटरवर ठेवली, हात पदराला पुसले.

"लागलं का लगीन?"

मी म्हटलं, "लागलं, मावशी."

त्या बाकावर नीट मांडी घालून बसल्या.

"मंग आता मागं घ्या. बघते."